शहरातले चर्चचे आणि सर्वधर्मीय कार्यक्रम : यादी कशी करावी, तारीख कशी धरावी

तुमच्या प्रश्नात दोन कामं आहेत. शहरातल्या सगळ्या चर्चचे आणि सर्वधर्मीय गटांचे नोव्हेंबर २०२६ ते एप्रिल २०२७ पर्यंतचे कार्यक्रम एका यादीत आणायचे, आणि फेब्रुवारीत तुमच्या चर्चच्या सभागृहात एक सर्वधर्मीय संध्याकाळ घ्यायची. दोन्ही कामांची कसोटी मला एकच वाटते. दुसऱ्या धर्माचा माणूस पहिल्यांदा येणार असेल, तर आत काय होणार आणि आपल्याला काय करावं लागणार, हे त्याला घरून निघण्याआधी कळलेलं असलं पाहिजे. जिथे ते कळत नाही तिथे माणसं एकदा येतात, अवघडून बसतात आणि पुन्हा फिरकत नाहीत.

आधी तारीख घेतो, कारण ती चुकली तर बाकीच्या मेहनतीचा उपयोग नाही.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा हा जागतिक आंतरधर्मीय सलोखा सप्ताह. जॉर्डनचे राजे दुसरे अब्दुल्ला यांच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० ऑक्टोबर २०१० रोजी तो ठरवला. २०२७ मध्ये तो सोमवार १ ते रविवार ७ फेब्रुवारी असा येतो. आता एकेक दिवस तपासा. सोमवार धरू नका, कारण बहुतेक पाळक आणि फादर रविवारच्या उपासनांनंतर सोमवारी सुटी घेतात. मंगळवारी २ तारखेला प्रभूच्या समर्पणाचा सण आहे, त्यामुळे कॅथलिक चर्चमध्ये मेणबत्त्यांच्या आशीर्वादाची मिस्सा असते. बुधवारी संध्याकाळी अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांची आठवड्यातली प्रार्थनासभा किंवा बायबल अभ्यास चालतो. शुक्रवारी दुपारी जुम्मा, आणि सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत यहुदी लोकांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस. शनिवारी ६ तारखेला चिनी आणि व्हिएतनामी परंपरेच्या बौद्ध मंदिरांत चांद्र नववर्ष. रविवारी सकाळी चर्चची माणसं गुंतलेली, आणि संध्याकाळी मशिदींत चंद्राकडे डोळे लागलेले असण्याची शक्यता, कारण रमजान ८ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतो आहे. १० तारखेला तर राखेचा बुधवारच आहे, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस. म्हणजे उरला गुरुवार, ४ फेब्रुवारी, आणि तोच सर्वांत चांगला. पोप फ्रान्सिस आणि कैरोतल्या अल-अझर या इस्लामी विद्यापीठाचे ग्रँड इमाम अहमद अल-तय्यब यांनी ४ फेब्रुवारी २०१९ रोजी अबू धाबीत मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. त्यावरूनच संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस आंतरराष्ट्रीय मानवी बंधुत्व दिन ठरवला. निमंत्रणात हे एका ओळीत लिहा. ‘कार्यक्रम चर्चमध्ये कशासाठी’ असं विचारणाऱ्याला तेवढ्यात उत्तर मिळतं.

कोणतीही तारीख नक्की करण्याआधी ती अशीच प्रत्येक समाजाच्या दिनदर्शिकेवर ठेवून पाहा. ‘शांतता दिन आहे, कुणाला अडचण असेल?’ असं म्हणून २१ सप्टेंबर धरणारे पुष्कळ असतात. २०२६ मध्ये त्याच दिवशी यॉम किप्पूर येतो. यहुदी लोकांचा तो वर्षातला सर्वांत कडक उपवास, त्यामुळे त्या दिवशी त्यांच्यापैकी कुणी येणं शक्यच नाही.

आता प्रार्थनेबद्दल, कारण सगळ्यात जास्त मनं इथेच दुखावतात. सर्वांसाठी एकच सामाईक प्रार्थना लिहायचा मोह होतो. ती करू नका, असं मी स्पष्टच सांगेन. अशी प्रार्थना एक तर इतकी पातळ होते की ती कुणालाच आपली वाटत नाही, नाही तर एखाद्या समाजाच्या तोंडी त्याने कधीच म्हटले नसते असे शब्द घातले जातात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २७ ऑक्टोबर १९८६ रोजी असिसीत वेगवेगळ्या धर्मांच्या प्रमुखांना बोलावलं, तेव्हा प्रत्येक परंपरेने आधी वेगळ्या जागी आपापली प्रार्थना केली. मग सगळे एकत्र जमले आणि एकामागून एक प्रार्थना झाल्या. बाकीचे ऐकत होते. तोच घाट घ्या. कार्यक्रमपत्रिकेच्या पहिल्याच पानावर ठळक छापा : ‘ज्या समाजाची प्रार्थना चालू असेल तोच ती म्हणेल. इतरांनी शांत बसून ऐकावं. उभं राहणं, हात जोडणं, आमेन म्हणणं कुणालाही बंधनकारक नाही.’

यजमान चर्चकडून होणारी नेहमीची चूक शेवटच्या दोन मिनिटांत घडते. आभार मानता मानता पाळकांच्या तोंडून सवयीने निघून जातं, ‘चला, सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणू या.’ त्यात वाईट हेतू मुळीच नसतो, पण तासभर जपलेला विश्वास तिथे उसवतो. म्हणून समारोपाची वाक्यं लिहून काढा आणि माईकवर तेवढीच वाचायची असं आधी ठरवून घ्या. मिस्सा किंवा प्रभुभोजन या संध्याकाळीला जोडू नका. पाहुण्याला पवित्र सहभागितेच्या वेळी, म्हणजे बाकीचे प्रभुभोजनाची भाकर घेत असताना, जागेवर बसवून ठेवणं हा पाहुणचार नव्हे.

जागा सभागृहाचीच घ्या. सभागृह लहान पडतं म्हणून मुख्य चर्च वापरायचं असेल, तर कॅथलिक चर्चमध्ये उपासनेव्यतिरिक्तच्या वापराला बिशपांची परवानगी लागते. कॅनन लॉचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचा, १२१० वा नियम तेच सांगतो. अर्ज तीन महिने आधी द्या. चर्चमधल्या संगीत कार्यक्रमांबद्दल व्हॅटिकनने १९८७ मध्ये सूचना काढल्या, त्यांत प्रवेश विनामूल्य असावा, वेदीचा आणि वाचनपीठाचा मान राखावा, आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे चर्चमध्ये जपून ठेवलेली पवित्र भाकर, शक्यतो बाजूच्या चॅपेलमध्ये ठेवावं असं म्हटलं आहे. भजनं, कव्वाली, गायनवृंद असं काही ठेवणार असाल तर त्या वाचून घ्या, म्हणजे तिकीट लावायचा विचार आधीच बाजूला पडेल.

वेळापत्रक घड्याळावरून आखू नका, सूर्यास्तावरून आखा. जैन मंडळी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. मुसलमानांची मगरिबची नमाज सूर्यास्त होताच सुरू होते आणि तिची वेळ संधिप्रकाश संपेपर्यंतच असते. हे दोन्ही सांभाळायचं तर खाणं आधी ठेवा. सूर्यास्ताच्या ६० मिनिटं आधी दार उघडा आणि सूर्यास्ताला १५ मिनिटं असताना वाढणं थांबवा. सूर्यास्तानंतर २० मिनिटांची मोकळीक ठेवा, आणि त्यानंतर ७५ मिनिटांचा कार्यक्रम. खाणं आधी ठेवल्याचा आणखी एक फायदा आहे. अनोळखी माणसं ताट हातात असताना बोलू लागतात. खाणं शेवटी असलं की अर्धी सभा तोवर निघून गेलेली असते.

नमाजसाठी एक स्वच्छ, शांत खोली द्या. माणशी साधारण १२० बाय ६० सेंटिमीटर जागा धरा. किब्ल्याची, म्हणजे मक्केची, दिशा आधी तपासून भिंतीवर बाणाने दाखवा, आणि त्या दिशेच्या भिंतीवर चित्र किंवा मूर्ती नको. वजूसाठी, म्हणजे नमाजआधी हात-पाय-तोंड धुण्यासाठी, पाण्याची सोय जवळ हवी. हीच खोली इतर वेळी कुणालाही शांत बसायला वापरता येते.

पंचाहत्तर मिनिटं कशी वापरायची? स्वागत ५. सात समाज धरले तर प्रत्येकी ४ मिनिटं वाचन आणि १ मिनिट ये-जा, म्हणजे ३५. एक संगीत १०. मौन ३. टेबलांवर सहा-सहा जणांच्या गप्पा २०. आभार २. मौनाची तीन मिनिटं कमी करू नका, सगळ्यांनी मिळून केलेली गोष्ट ती एवढीच असते. चार मिनिटांत साधारण चारशे शब्द बसतात, मूळ पाठ आणि त्याचा अर्थ धरून. मजकूर दहा दिवस आधी मागवा. त्यात दोन गोष्टी पाहायच्या : दुसऱ्या कुणाला खोटं ठरवणारी ओळ नाही ना, आणि ‘आम्ही सर्व जण’ म्हणत इतरांच्या वतीने काही कबूल केलेलं नाही ना. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि तसं पत्रिकेत लिहा, म्हणजे मानापमानाचा प्रश्न उरत नाही.

शीख बांधवांना वाचनासाठी गुरू ग्रंथसाहिब आणायला सांगू नका. त्याच्या आसनाची, चवरीची आणि नेण्या-आणण्याची मर्यादा असते आणि ती भाड्याच्या खुर्च्यांमध्ये पाळली जात नाही. छापील कागदावरून किंवा गुटक्यातून, म्हणजे प्रार्थनांच्या लहान पोथीतून, पाठ होतो. कोणताही धर्मग्रंथ जमिनीवर किंवा पायांशी ठेवला जाणार नाही यासाठी वाचनपीठाजवळ एक उंच, स्वच्छ कापड घातलेलं टेबल ठेवा. दीपप्रज्वलन बहुतेक जण गृहीत धरतात, पण काही समाजांत तो उपासनेचा भाग समजला जातो आणि काही जण त्यात सामील होत नाहीत. माझं मत, ते सोडून द्या. व्यासपीठावर बोलावून एखाद्याला सर्वांसमोर ‘नको’ म्हणायला लावण्याइतकं त्यात काही अडलेलं नाही. दारावरच्या स्वयंसेवकांनाही सांगून ठेवा की हात आपण होऊन पुढे करायचा नाही. समोरच्याने केला तर मिळवायचा, नाही तर नमस्कार पुरे.

खाण्यात गुंतागुंत टाळायची असेल तर सगळं शाकाहारी ठेवा, अंडं आणि मद्य अजिबात नको. तरीही दोन ठिकाणी फसगत होते. गोड पदार्थांतलं आणि जेलीतलं जिलेटिन बहुधा प्राण्यांपासून येतं. आणि जैनांसाठी कांदा, लसूण, बटाटा नसलेला पदार्थ केला तरी वाढताना डाव तोच फिरतो. प्रत्येक भांड्याला वेगळा डाव ठेवा आणि समोर घटकांची चिठ्ठी लावा. कोशर, म्हणजे यहुदी आहारनियम, पाळणाऱ्यांसाठी तुमच्या स्वयंपाकघरात काही करायला जाऊ नका, प्रमाणित शिक्का असलेली बंद पाकिटं आणि न सोललेली फळं ठेवा.

निमंत्रणं बारा आठवडे आधी. धर्मप्रमुखांना पत्र जाऊ दे, पण आखणीच्या पहिल्या बैठकीपासून प्रत्येक समाजातला एक माणूस सोबत हवा, आणि त्यांत स्त्रिया आणि तरुणही हवेत. सगळं ठरवून मग ‘तुमचे दोन प्रतिनिधी पाठवा’ म्हटलं की येणारा पाहुणाच राहतो. निमंत्रणात एक वाक्य असू द्या : इथे धर्मप्रचार होणार नाही, पत्रकं वाटली जाणार नाहीत, आणि नोंदणीत दिलेले फोन नंबर या कार्यक्रमाशिवाय कशासाठीही वापरले जाणार नाहीत. आणि ते अक्षरशः पाळा. फोटो नको असणाऱ्यांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी द्या. मुलांच्या फोटोंसाठी पालकांची लेखी संमती घ्या.

आता यादी. सर्वांत मोठा गोंधळ होतो तो चर्चाचर्चांमधले कार्यक्रम आणि धर्माधर्मांमधले कार्यक्रम एकत्र टाकल्याने. १८ ते २५ जानेवारीचा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह आणि मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा, म्हणजे ५ मार्च २०२७ चा, जागतिक प्रार्थना दिन हे अनेक चर्च मिळून करतात. त्यांत पूर्णपणे ख्रिस्ती उपासना असते. ‘सर्वांचं स्वागत’ एवढंच वाचून आलेल्या हिंदू किंवा मुस्लिम शेजाऱ्याला तिथे काय करावं कळत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला तीनपैकी एक खूण द्या : एका मंडळीची उपासना, अनेक चर्चची मिळून उपासना, किंवा सर्वधर्मीय. पहिल्या दोन प्रकारांत प्रभुभोजन आहे का आणि ते कोण घेऊ शकतं, हेही लिहा.

नोंदीत वार आणि तारीख दोन्ही हवेत. गेल्या वर्षीची नोंद उचलून नुसतं साल बदललेलं असलं की वार जुळत नाही आणि चूक लगेच सापडते. सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, कोणत्या फाटकातून यायचं, पायऱ्या आहेत की उतार, कोणती भाषा, चपला काढाव्या लागतात का, डोकं झाकावं लागतं का, खाणं आहे का, आणि माहिती शेवटची कधी तपासली, एवढं असलं की फोन निम्मे कमी होतात.

तारखांच्या तीन खाचा लक्षात ठेवा. यहुदी आणि बहाई सण आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून सुरू होतात, म्हणून नुसती तारीख लिहिली तर मुख्य संध्याकाळ हुकते. ‘आदल्या संध्याकाळपासून’ असं लिहा. रमजान आणि ईद यांच्यापुढे ‘चंद्रदर्शनानुसार’ हवंच. आणि ईस्टर दोन असतात : २०२७ मध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चचा २८ मार्चला, बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चचा २ मेला. त्यामुळे २६ मार्चला उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) लिहाल तेव्हा तो कुणाचा हेही लिहा. नाताळचंही तसंच, काही ऑर्थोडॉक्स चर्च तो ७ जानेवारीला करतात.

रद्द झालेला कार्यक्रम यादीतून पुसू नका. नोंद तशीच ठेवून पुढे ‘रद्द’ लिहा. पुसलं तर ज्याने आधी वाचलंय तो बिचारा येऊन बंद दारासमोर उभा राहतो. यादी दर आठवड्याला एका ठरलेल्या दिवशी ताजी करा आणि त्याच्या दोन दिवस आधीपर्यंत नोंदी घ्या.

दर वर्षी हाच गुरुवार चालेल असं मात्र धरू नका. इस्लामी चांद्र वर्ष दर वर्षी सुमारे ११ दिवसांनी मागे सरकतं. २०२८ मध्ये रमजान जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल आणि सलोखा सप्ताह पूर्ण रोज्यांत येईल. तेव्हा यजमानपद मशिदीकडे देता येतं का ते आत्ताच विचारून ठेवा, आणि कार्यक्रम इफ्तारीभोवती आखा. राखेचा बुधवार त्या वर्षी १ मार्चला आहे, त्यामुळे चर्चच्या लोकांना फेब्रुवारीत अडचण नाही.