सरकारी वकिलाचं प्रगतिपुस्तक

प्रश्न : माझी मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला असते. शहरात ड्रग्ज आणि चोऱ्या वाढल्या म्हणून तिथल्या लोकांनी 2022 मध्ये मतदान करून सरकारी वकिलालाच घरी बसवलं, असं ती सांगते. आमच्या गावात एसटी स्टँडमागे पोरं एमडी (मेफेड्रोन नावाचा अमली पदार्थ) घेतात, गोळ्या खातात. पोलीस पकडतात, मुद्देमालासकट पेपरात फोटो येतो आणि काही वर्षांनी आरोपी निर्दोष सुटून पुन्हा तिथेच उभा. आमच्या जिल्ह्याच्या सरकारी वकिलांचं काम चांगलं की वाईट, हे आम्ही कशावरून ठरवायचं? त्यांना बदलणं आमच्या हातात का नाही?
– एक निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : गुरुजी, मुलीने सांगितलं ते खरं, पण त्या गोष्टीला पुढचा भागही आहे. घरी बसवलेले ते वकील म्हणजे चेसा बुदीन. आधी ते आरोपींच्या बाजूने उभे राहणारे सरकारी बचाव वकील. 2019 मध्ये त्या शहराचे सरकारी वकील म्हणून निवडून आले. जामिनासाठी पैसे भरायची अट काढीन, तुरुंगातली गर्दी कमी करीन, हे त्यांनी प्रचारातच सांगितलं होतं. जानेवारी 2020 मध्ये पदावर बसले आणि पाठोपाठ कोविड आला. 7 जून 2022 रोजी साधारण 55 टक्के मतं त्यांना हटवण्याच्या बाजूने पडली. महापौर लंडन ब्रीड यांनी त्यांच्या जागी ब्रुक जेन्किन्स यांना नेमलं. ड्रग्ज विकणाऱ्यांची गय करायची नाही, हे या बाईंचं धोरण. तरीही 2023 मध्ये त्या शहरात ओव्हरडोसने 800 हून अधिक माणसं गेली, तोवरचा सगळ्यात मोठा आकडा. पुढच्या वर्षी तो खाली आला, पण तेव्हा तो साऱ्या अमेरिकेतच खाली आला होता. यावरून बुदीन बरोबर होते असं मी म्हणत नाही. फेंटानिल हे जीवघेणं ड्रग किती येतं आणि कोण घेतं, तिथवर सरकारी वकिलाचा हात पोचत नाही, एवढंच म्हणते. त्यामुळे स्टँडमागच्या पोरांची संख्या मोजून तुमच्या सरकारी वकिलांना मार्क देऊ नका.

मग कशावरून द्यायचे? पेपरातल्या फोटोवरून तर नाहीच. तो पोलिसांचा असतो. शिक्षेच्या टक्केवारीवरही माझा विश्वास नाही. एखादा ग्रॅम घेऊन सापडलेली पोरं गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि घरी जातात. अशी शंभर प्रकरणं झाली की टक्केवारी गुटगुटीत दिसते आणि पन्नास ग्रॅमवाला मोकळा फिरत असतो. हा पन्नासचा आकडा मी उगाच घेतलेला नाही. एमडीच्या बाबतीत 2 ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण आणि 50 ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण. गांजाला तीच रेघ 1 किलो आणि 20 किलो. व्यापारी प्रमाण सिद्ध झालं तर कमीत कमी दहा वर्षं. सरकारी वकिलाची खरी परीक्षा याच प्रकरणांत होते.

अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा 1985 चा. त्यात दोन जागी सरकारी वकिलावर थेट जबाबदारी टाकली आहे. तुम्ही त्या दोनच जागा पाहिल्यात तरी पुष्कळ कळेल. पहिली कलम 37. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात सरकारी वकिलाला विरोधाची संधी दिल्याशिवाय जामीन देता येत नाही. त्याने विरोध केला, तर आरोपी निर्दोष असावा आणि बाहेर जाऊन पुन्हा गुन्हा करणार नाही, असं मानायला कोर्टाला सबळ कारण लागतं. आता तो विरोध कसा केला ते बघा. ‘गुन्हा गंभीर आहे, समाजावर परिणाम होईल’ एवढंच लिहिलेलं असलं, तर त्यांनी कागद वाचलेले नाहीत असं खुशाल समजा.

दुसरी जागा कलम 36अ. व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणात तपासाला 180 दिवस असतात. तेवढ्यात चार्जशीट आली नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मुदत वाढवून हवी असेल तर सरकारी वकिलाने स्वतःचा अहवाल द्यायचा : तपास कुठवर आला आणि आरोपीला आणखी आत ठेवायचं नेमकं कारण काय. अहवाल त्याचा हवा, पोलिसांचा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये हितेंद्र विष्णू ठाकूर यांच्या प्रकरणात, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रातल्या टाडाच्या (दहशतवादविरोधी कायद्याच्या) खटल्यात, बजावलं की सरकारी वकील म्हणजे पोलिसांचं पोस्ट ऑफिस नाही. मी सरकारी वकील म्हणून नोकरीत असताना एक तपास अधिकारी मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी टाइप केलेला अहवाल घेऊन आले. ‘मॅडम, फक्त सही.’ त्यात ‘तपास प्रगतिपथावर आहे’ यापलीकडे काही नव्हतं. मी त्यांना समोर बसवून विचारलं : कोणत्या बँकेचे खाते उतारे यायचेत? कोणता आरोपी फरार आहे, त्याला शोधायला कोण गेलंय? रात्री उशिरा निघालेला अहवाल दोन पानांचा होता आणि तो माझा होता. साहेब रागावले. पण मुदत मिळाली.

आता निर्दोष सुटण्याबद्दल. ड्रग्जच्या खटल्यात फिर्यादी बहुधा पोलीसच, साक्षीदारही पोलीस, आणि पंच फितूर. सारा डोलारा कागदावर. माणसाची अंगझडती घेताना ‘राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती द्यायचा तुला हक्क आहे’ हे त्याला सांगावंच लागतं, ते कलम 50. खबर मिळाल्यावर ती आधी लिहून ठेवणं आणि वरिष्ठांना कळवणं, ते कलम 42. मॅजिस्ट्रेटसमोर नमुने काढणं, ते 52अ. यातलं एक जरी राहिलं तरी बचाव पक्षाला आयतं कोलीत. 1 जुलै 2024 पासून झडतीचं व्हिडिओ चित्रण सक्तीचं झालंय. चांगला सरकारी वकील ते चित्रण खटला उभा राहण्याआधी स्वतः बघतो. तोच पंच आणखी किती छाप्यांत होता, हेही आधी विचारतो, कारण समोरचा वकील ते विचारणारच असतो.

तुम्ही घरबसल्या काय करू शकता? ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून कायद्याच्या नावाने शोधता येतं. एनडीपीएसचे निकाली खटले काढा आणि निर्दोष सुटकेची पाच-सहा निकालपत्रं वाचा. तुम्ही आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्यात, तुम्हाला ते जड नाही. न्यायाधीश कारण लिहितात. दोष झडतीत होता की सरकारी वकिलांनी महत्त्वाचा साक्षीदारच तपासला नाही, हे दोन्ही त्यात सापडेल. तारखा का पडल्या ते रोजनाम्यावरून, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीवरून, कळेल.

बदलण्याबद्दल. सेशन्स कोर्टात सरकारची बाजू मांडणारे जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे सहकारी ठराविक मुदतीसाठी नेमले जातात. नावांची यादी जिल्हाधिकारी सेशन्स न्यायाधीशांशी सल्लामसलत करून करतात, नेमणूक विधी व न्याय विभागाकडून होते. मॅजिस्ट्रेट कोर्टातले सहायक सरकारी अभियोक्ता लोकसेवा आयोगाकडून येतात. सरकार बदललं की पहिल्या गटाच्या खुर्च्या हलतात, हे कोर्टाच्या कँटीनमधल्या पोऱ्यालाही माहीत असतं. तरी मला निवडणूक नको. मतं मागणाऱ्या सरकारी वकिलाला, पुरावा नसताना ‘हा खटला टिकणार नाही’ असं तोंडावर सांगणं परवडणार नाही. नेमणुकीआधी त्या माणसाने चालवलेल्या खटल्यांचे निकाल जाहीर करा, एवढी मागणी मात्र मी तुमच्याबरोबर सही करून देईन. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने करा.

प्रश्न : माझ्या 19 वर्षांच्या मुलाकडे एक ग्रॅम एमडी सापडली. तो स्वतः घेतो, विकत नाही. सरकारी वकील तुरुंगच मागतील का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, एक ग्रॅम हे अल्प प्रमाण, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. पण त्याआधी कलम 64अ वाचून घ्या. व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर अशा गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. म्हणून मुलाला आधी दाखल करा. केंद्र मान्यताप्राप्त आहे ना, हे लेखी घ्या. दाखल झाल्याचा कागद वकिलामार्फत पुढच्याच तारखेला कोर्टात लावा आणि त्याची एक प्रत सरकारी वकिलांच्या हातात द्या.