आंब्याच्या हंगामात मोडलेली सवय

प्रश्न : मी ४४ वर्षांची असून देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. दिवाळीनंतर मी एका व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला गेले होते. रोज पहाटे ध्यान करावे आणि कृतज्ञतेची वही लिहावी, सलग २१ दिवस केले की सवय कायमची अंगी बाणते, असे तिथे सांगितले होते. ते २१ दिवस मी पूर्ण केले, पुढेही चालू ठेवले. पण मार्चमध्ये फळ उतरवायला सुरुवात झाली आणि सगळे विस्कटले. आता ती वही दिसली तरी अपराधी वाटते. घरचे मला आरंभशूर म्हणतात. माझ्यात चिकाटीच नाही का? शिबिराच्या दुसऱ्या टप्प्याची फी भरावी का?
– एक वाचक भगिनी, देवगड

उत्तर : चिकाटी नसलेल्या माणसाकडून हापूसची बाग सांभाळली जात नाही, तेव्हा तो आरोप तुम्ही स्वतःवर करू नये, असे मला मनापासून वाटते. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनने १९६० साली असे निरीक्षण नोंदवले होते, की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान २१ दिवस तरी लागतात. त्या किमान मुदतीचीच पुढे हमी होऊन बसली. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात रोजची साधी कृती अंगवळणी पडण्यास लागणारा काळ साधारणपणे ६६ दिवस निघाला आणि व्यक्तीव्यक्तीगणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत असावा, असा अंदाज आला. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा अडथळा येत नाही, हेही त्यात दिसले.

तुमची अडचण मात्र एखाद्या दिवसाची नाही, ती हंगामाची आहे. सवय ही ठरावीक वेळ, ठरावीक जागा आणि आधीची एखादी कृती यांच्या आधाराने टिकते, आणि मार्च ते मे या काळात तुमच्या घरातले हे सगळे आधार एकदम हलतात. उन्हे चढण्याआधी झेले (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठ्या) घेऊन गडी बागेत हजर असतात, दुपारी प्रतवारी आणि पेट्या भरणे, संध्याकाळी वाशीच्या बाजाराची गाडी, शिवाय इतक्या माणसांचा चहा-जेवण. त्यात पहाटेची निवांत वेळ उरणार कुठून? म्हणून हंगामासाठी वेगळा, छोटा नेम ठरवावा. शेवटची पेटी गाडीत चढली की हातपाय धुऊन खळ्यात, म्हणजे अंगणात, पाच मिनिटे शांत बसायचे, एवढाच. गाडी कधी सातला निघेल, कधी दहाला. घड्याळाऐवजी कामाला जोडलेला नेम अशा दिवसांतही तग धरतो.

कृतज्ञतेची वही रोज लिहिलीच पाहिजे असे नाही. एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या प्रसिद्ध संशोधनातील पहिल्या प्रयोगात अशी नोंद १० आठवडे, आठवड्यातून एकदाच केली होती आणि तेवढ्यानेही लिहिणाऱ्यांना आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधान वाटले. तेव्हा जरा सैल असेल त्या दिवशी चार ओळी लिहाव्यात, आणि वही नकोशीच वाटत असेल तर ती बंद करून ठेवण्यातही काही गैर नाही. तुम्हाला स्वतःला काय करावेसे वाटते, हे पत्रात कुठेच आलेले नाही, याची मला अधिक काळजी वाटते. ध्यान शिबिराने सांगितले, वही शिबिराने दिली. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मात्र अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिले आहे, की आपण होऊन निवडलेली गोष्टच माणूस दीर्घकाळ आणि आनंदाने करतो. भजन, शिवण, मैत्रिणींबरोबर संध्याकाळी समुद्रावर एक फेरी, यांपैकी काहीही चालेल.

मात्र अपराधीपणाबरोबर झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल आणि उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर शिबिरापेक्षा डॉक्टरांकडे जावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य बोलता येते.

दुसऱ्या टप्प्याची फी आत्ता भरू नये. पहिल्या टप्प्यातले जे मोडले ते हंगामामुळे मोडले, आणि दुसऱ्या टप्प्याने हंगाम काही बदलणार नाही. आयोजकांना एकच विचारावे, की बागायतीच्या दिवसांत हा कार्यक्रम कसा पाळायचा. त्याचे नेमके उत्तर मिळाले, तर पावसाळ्यात हात मोकळे झाल्यावर पुन्हा विचार करावा.