वाचाघात : नावे आठवतात, पण प्रसंग सांगता येत नाही

आपण विचारले आहे की, वडिलांना पक्षाघात (स्ट्रोक) होऊन पाच महिने झाले, चित्रातल्या वस्तूंची नावे ते बहुतेक बरोबर सांगतात, पण ‘सकाळी कोण आलं होतं?’ असे विचारले की दोन शब्दांनंतर अडतात. तर सुधारणा इथेच थांबली का? माझ्या आईचा वाचाघात, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे भाषा वापरण्यात येणारी अडचण, गेली सात वर्षे मी जवळून पाहत आहे, त्यावरून सांगतो की तसा निष्कर्ष आत्ताच काढू नये.

चित्राला नाव देताना एकच शब्द शोधायचा असतो. प्रसंग सांगताना मात्र नामे, क्रियापदे, घटनांचा क्रम आणि ऐकणाऱ्याला आधीचे किती ठाऊक आहे याचे भान, हे सगळे एकाच वेळी सांभाळावे लागते. त्यात आपल्या मराठीत ‘ने’ आणि ‘ला’ गळून पडले, की कोणी कोणाला काय केले याचा अंदाज ऐकणाऱ्यालाच बांधावा लागतो. म्हणूनच तज्ज्ञ केवळ नावांची यादी तपासून थांबत नाहीत. इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांना सिंड्रेलाची गोष्ट सांगायला लावतात आणि बोललेल्या शब्दांपैकी किती शब्दांनी खरोखर काही माहिती दिली, हे मोजतात.

आईला आम्ही चिऊकाऊची गोष्ट सांगायला लावत असू. दुसऱ्या महिन्यात ‘चिमणीचं घर मेणाचं’ ही ओळ तिने घडाघडा म्हटली आणि घरात सगळ्यांना आनंद झाला, पण पुढे फक्त ‘पाऊस... पाऊस... गेलं’. पाठ असलेली ओळ, पाढे किंवा आरती सहज बाहेर पडते. तिच्यावरून गोष्ट सांगण्याची ताकद आली असे मानणे ही आमची चूक होती. सहाव्या महिन्यात ‘कावळा आला. दार, दार ठकठक. थांब, बाळ अंघोळ’ इतके जमले, म्हणजे व्याकरण मोडके असले तरी क्रम शाबूत होता. ‘घर वाहून गेलं म्हणून कावळा चिमणीकडे आला’ यातला ‘म्हणून’ यायला दीड वर्ष लागले.

सुरुवातीची सुधारणा वेगाने दिसते, कारण मेंदूवरची सूज उतरते आणि रक्तपुरवठा अपुरा पडून गप्प झालेला, पण जिवंत राहिलेला भाग पुन्हा काम करू लागतो. साधारणतः पहिल्या तीन महिन्यांनंतर हा वेग मंदावतो आणि पुढची वाट बरीचशी सरावावर अवलंबून राहते. ती वाट बंद नसते. जर्मनीत पक्षाघाताला सहा महिने उलटून गेलेल्या १५६ जणांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला किमान १० तास असे तीन आठवडे उपचार घेतल्यावर त्यांचे रोजच्या व्यवहारातले बोलणे सुधारले, उपचारांसाठी थांबलेल्या गटाचे मात्र सुधारले नाही. आपल्याकडे आठवड्याला दहा तास स्पीच थेरपी कितीजणांना परवडते हा प्रश्न वेगळा, पण उरलेला सराव घरी करता येतो.

महिन्यातून एकदा तीच गोष्ट वडिलांकडून ऐकावी आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावी. रोज ऐकणाऱ्या माणसाला फरक जाणवत नाही. अडले की शब्द लगेच तोंडात घालू नये, मनात दहापर्यंत मोजावे आणि मग ‘पुढे काय झालं?’ एवढेच विचारावे. काही रुग्ण अडखळत नाहीत, उलट अखंड पण अर्थहीन बोलतात. त्यांच्या बाबतीत बोलणे कमी होणे हीच सुधारणा असू शकते, म्हणून वडिलांचा वाचाघात कोणत्या प्रकारचा आहे हे थेरपिस्टना आधी विचारून घ्यावे. त्यांनी फक्त नावांचाच सराव ठेवला असेल, तर प्रसंग सांगण्याचा सरावही मागून घ्यावा. आणि संध्याकाळी, दमलेले असताना, पाहुण्यांसमोर ‘बोलून दाखवा’ म्हणू नये. आमच्या आईने त्यानंतर दोन दिवस तोंडच उघडले नव्हते.