कन्नडमधली नोटीस, घरापुढचा कट्टा आणि गल्लीचा रस्ता

प्रश्न : आमच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता आणि गटार होणार आहे. ग्रामपंचायतीनं घरापुढचा दगडी कट्टा सात दिवसांत काढा अशी नोटीस दिली आहे, असं बिलकलेक्टर सांगतो. नोटीस कन्नडमध्ये आहे, घरात कुणाला वाचता येत नाही. घेतलीच नाही तर चालेल का? (बेळगाव तालुका)

उत्तर : नाही, घ्या. तुम्ही नाही घेतली तर दोन साक्षीदारांसमोर दारावर चिकटवतील, पंचनामा करतील आणि ती तुम्हाला मिळाली असंच धरतील. घेतल्याची सही म्हणजे मान्य असल्याची सही नव्हे. सहीखाली मराठीतच लिहा : "आज अमुक तारखेला मिळाली, कन्नड वाचता येत नाही." ही तारीख फार महत्त्वाची. नोटिशीवरची तारीख आणि ती तुमच्या हातात पडल्याची तारीख यांत पाच-सहा दिवसांचा फरक मी स्वतः पाहिला आहे. सात दिवसांतले सहा असे टेबलावरच गेले तर पुढं बोलायला काहीतरी हातात हवं.

मी बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावचा. एक टर्म पंचायतीत मेंबर होतो. त्याआधीची दहा-बारा वर्षं तुमच्यासारखाच कन्नड कागद घेऊन कोण वाचून देतं का ते शोधत हिंडायचो.

तो कागद वाटतो तितका परका नाही. आपल्याकडच्या कन्नड नोटिशीत निम्मे शब्द ओळखीचे निघतात. विषय, दिनांक, सही, ठराव, अंदाजु हे तर आपलेच. 'कामगारी' म्हणजे काम, मजूर नव्हे. 'चरंडी' म्हणजे गटार. 'ओत्तुवरी' म्हणजे अतिक्रमण, 'तेरवु' म्हणजे काढून मोकळं करणं, 'आक्षेपणे' म्हणजे हरकत, 'दिनगळोळगे' म्हणजे इतक्या दिवसांच्या आत. 'आस्ति' मिळकत, 'तेरिगे' कर. हायस्कूलला जाणाऱ्या पोराला कन्नड विषय असतोच, त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या आणि हे शब्द कुठं येतात ते ऐका. नोटिशीत 'ओत्तुवरी' आहे की नाही हे सगळ्यात आधी बघा. तो शब्द असेल तर तुमचा कट्टा सरकारी रस्त्यावर आहे असं पंचायत म्हणते आहे. नसेल तर नुसतं कामासाठी जागा मोकळी करा, एवढंच सांगणं असू शकतं. दोन्हींना उत्तर वेगळं द्यावं लागतं.

मराठीतून नोटीस मागायचा हक्क आपल्याला आहे आणि तो सोडू नये असं माझं ठाम मत आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्र सरकारचं १९५६ सालचं निवेदन आहे. एखाद्या भागात १५ ते २० टक्के लोक अल्पसंख्य भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही काढाव्यात, असं त्यात आहे. घटनेच्या ३५० व्या कलमानं तर केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. म्हणून हरकतीचा अर्ज तुम्ही मराठीत देऊ शकता, आणि "मराठीतून प्रत मिळावी" हे त्यात जरूर लिहा. पण मराठी प्रत येईपर्यंत गप्प बसू नका. आमच्या गल्लीत एका घरानं तसं केलं आणि मुदत निघून गेली. मी स्वतः मराठी अर्जाला कन्नड भाषांतर जोडून द्यायचो. भाषेचा मुद्दा कागदावर राहतो आणि मला समजलं नाही असं म्हणायला साहेबांनाही जागा उरत नाही. माहिती हक्काचा अर्ज मात्र वेगळा. तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या अधिकृत भाषेतच चालतो, म्हणजे इथं कन्नडमध्ये लिहून घ्या.

आता कट्टा. महाराष्ट्रातले व्हिडिओ बघून बरेच लोक सरपंच, ग्रामसेवक आणि नमुना आठ शोधत पंचायतीत जातात. आपल्याकडं कायदा कर्नाटकचा, १९९३ चा. इथं अध्यक्ष आणि पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. गावठाणातल्या घराचा कागद म्हणजे ई-स्वत्तूतला, म्हणजे पंचायतीच्या मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीतला नमुना ९, आणि त्याच्यासोबत नमुना ११. नमुना ९ मध्ये जागेची लांबी-रुंदी आणि चतुःसीमा असते, कन्नडमध्ये तिला 'चक्कुबंदी' म्हणतात. तो काढा, टेप घेऊन जागेची मागची हद्द ते कट्ट्याची पुढची कड मोजा. कट्टा त्या मापाच्या आत बसत असेल तर हरकतीत तसं लिहा, नमुन्याची झेरॉक्स जोडा आणि दोन्ही बाजूंसमोर मोजणी करावी अशी मागणी करा. बाहेर जात असेल तर माझा सल्ला सरळ आहे : काढा. आजोबांनी बांधलेला, संध्याकाळी चार माणसं बसणारा कट्टा जाताना वाईट वाटतं, आमचाही गेला. पण रस्त्यातल्या दोन फुटांसाठी भांडण धरलं की खरं भांडायचं ते राहून जातं. काढायला पंधरा दिवस मागा, आणि गल्लीतल्या सगळ्या कट्ट्यांना एकच माप लावावं हेही लिहा. एकाचा काढायचा आणि मेंबरच्या पाहुण्याचा ठेवायचा, असं होता कामा नये.

अर्ज दोन प्रतींत द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय पंचायतीची पायरी उतरू नका. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती ठेवा. पंचायतीचा आदेश पटला नाही तर तालुका पंचायतीच्या ईओकडं, म्हणजे कार्यकारी अधिकाऱ्याकडं अपील होतं, आणि तिथं पहिल्यांदा हीच पोच विचारतात.

खरं भांडायचं काय, ते आता सांगतो. तुमच्या प्रश्नात रस्त्याबद्दल एकच ओळ आहे, मला काळजी त्या ओळीची वाटते.

मी मेंबर व्हायच्या आधी आमच्या गल्लीत काँक्रीट पडलं. काम झटपट झालं, चार दिवसांत गल्ली पांढरी. सगळे खूश. जुन्या काँक्रीटवरच नवा थर ओतला होता, त्यामुळं रस्ता अर्धा फूट वर आला आणि आमचे उंबरे रस्त्याच्या खाली गेले. आपल्याकडचा आषाढातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. पहिल्याच झडीत दोन घरांत पाणी शिरलं. आमच्या स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी, आई तांदळाची पोती माळ्यावर चढवायला हाका मारत होती. गटार होतं, पण ते वरच्या अंगाला, पाणी उतरतं त्याच्या उलट्या बाजूला.

नंतर कागद मागितले. अंदाजपत्रकात 'जुनं काँक्रीट फोडून काढणं' ही बाब चक्क होती. फोडलं मात्र नव्हतं, आणि बिल निघालं होतं. काम मंजूर झालं त्या वार्ड सभेला आमच्या गल्लीतून एकही माणूस गेला नव्हता. सूचना पंचायतीच्या बोर्डावर होती, एक पान, कन्नडमध्ये. आम्ही वाचली नाही आणि कुणी वाचूनही दाखवली नाही. पुढं दहा महिने खेटे घालून रस्त्याला एक आडवी मोरी तेवढी करून मिळाली. उंबरे अजून खालीच आहेत.

म्हणून हरकतीच्या त्याच अर्जात, कट्ट्याच्या खाली, हेही मागा : या कामाचं अंदाजपत्रक, ठरावाची प्रत आणि रस्त्याची तयार पातळी. जुना थर फोडून काढणार का, हा प्रश्न सरळ शब्दांत लिहा. उंबऱ्यापासून आजचा रस्ता किती खाली आहे ते प्रत्येक घरापुढं मोजून ठेवा, फोटो काढा, फोटोत टेप दिसू दे. गटार कुठल्या बाजूला आणि शेवटी कुठं जाऊन मिळणार तेही विचारा. अर्ध्यात सोडलेलं गटार शेवटच्या घराच्या परड्यात मुरतं, मग दोन शेजाऱ्यांत वैर लागतं. इंजिनिअर आखणी करायला येईल त्या दिवशी घागरभर पाणी ओतून त्याला उतार दाखवा. आमच्या इथल्या म्हाताऱ्या माणसांना पाणी कुठून येतं ते कागदाशिवाय माहीत असतं, त्यातल्या एकाला पुढं उभं करा.

नळाची पाइप घातली आहे का तेही बघा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. २०१९ पासून या योजनेसाठी गावोगाव रस्ते खोदले गेले. काँक्रीट आधी आणि पाइप नंतर असं झालं तर तुमचा नवा रस्ता सहा महिन्यांत मधोमध चिरलेला दिसेल. पाइप आणि घराघरांत जाणारे तुकडे आधी टाकून, पाणी सोडून गळती बघितल्यावरच काँक्रीट ओतावं, एवढी एक ओळ ठरावात घालून घ्या.

ठराव कुठं होतो? वार्ड सभेत. ती सहा महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते. तिथली कामांची यादी ग्रामसभेत जाते आणि त्यातून पंचायतीची वर्षाची क्रियायोजना होते. मी मेंबर असताना सभेची सूचना मराठीत लिहून देवळाच्या लाउडस्पीकरवरून दोन दिवस वाचायला लावली. आधी सभेला नऊ माणसं यायची, तिथं साठाच्या वर आली, त्यात निम्म्या बायका. पाणी कुठं तुंबतं ते बायकांनीच सांगितलं, कारण ते उपसतात त्याच. पैसे वाढले नाहीत, पण कामांचा क्रम बदलला. तुमच्या मेंबरला तेवढं करायला सांगा, त्याला काही खर्च येत नाही.

काम सुरू झालं की दुसरं टोक पकडा. माहिती हक्क कायदा, २००५ मध्ये नुसते कागद नव्हे, चालू काम पाहण्याचा आणि मालाचा नमुना घेण्याचाही हक्क दिलेला आहे. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत ठेवावा लागतो, म्हणून पाल्हाळ लावू नका : अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीची) पानं, बिल, एवढंच मागा. शिवाय दर वर्षी १६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबरच्या दरम्यान पंचायतीची जमाबंदी असते. त्या दिवशी वर्षभरातल्या कामांचे कागद गावापुढं ठेवून कामं जागेवर पाहायची असतात. आपले लोक जमाबंदी म्हटलं की शेतसारा समजतात आणि फिरकत नाहीत. जा, आणि मोजमाप पुस्तकात लिहिलेली लांबी टेप लावून बघा.

पाणी मारायचं काम ठेकेदारावर सोडू नका. बाजारात मिळतं ते सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं असतं. त्याचं काँक्रीट निदान दहा दिवस ओलं राहायला हवं. ठेकेदाराचा माणूस दोन दिवस येतो आणि टँकर घेऊन पुढच्या गावाला जातो. आमच्या दुसऱ्या रस्त्यावर आम्ही मातीची आळी करून पाणी तुंबवून ठेवलं, वर गोणपाट टाकलं आणि पाळी लावून घेतली. प्रत्येक घराकडं आपल्या दारापुढचा तुकडा. तो रस्ता अजून नीट आहे, शेजारच्या गल्लीतली खडी वर आली आहे.

तुमच्या हातात सात दिवस आहेत असं धरा. उद्या सकाळी नोटीस वाचून घ्या, टेप लावा, संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या ज्या ज्या घरांना नोटीस आली आहे त्यांना एकत्र बसवा. अर्ज प्रत्येकानं वेगळा द्यावा, कारण प्रत्येकाच्या कट्ट्याचं माप वेगळं आहे. रस्त्याच्या पातळीची मागणी मात्र सगळ्यांनी एका कागदावर सह्या करून द्या. नोटिशीतला एखादा शब्द अडला तर नाव आणि घर नंबर झाकून खाली लिहा, मी अर्थ सांगतो.