स्केटबोर्डच्या जुन्या डेकवर मोठी चाकं लावण्याआधी फट बघा

वडोद्यात दांडिया बाजारहून फतेहगंजला रोज ऑफिसला स्केटबोर्डवर जायचंय, तर आठ वर्षं वापरलेल्या स्ट्रीट डेकलाच, म्हणजे करामतींच्या बोर्डच्या फळीलाच, ७० मिमीची चाकं लावू का, असं तुम्ही विचारलंय. मी नेमकं हेच केलं होतं, म्हणून सांगतो: रायझरशिवाय, म्हणजे डेक आणि ट्रक (चाकं धरणारा धातूचा अक्ष) यांच्यामध्ये घालायच्या जाड पट्टीशिवाय, अजिबात नको.

स्ट्रीटचं चाक ५३ मिमीच्या आसपास असतं. ७० मिमीचं लावलं की ते आधीपेक्षा साडेआठ मिमीने डेकच्या जवळ येतं. सरळ जाताना काही जाणवत नाही. वळताना एका कडेवर भार पडला की चाक डेकला खालून घासतं आणि जागच्या जागी अडकतं. बोर्ड थांबतो, आपण पुढे फेकले जातो. मला ज्या दुकानात चाकं बसवून दिली, तिथे ‘बसतात की’ एवढंच सांगितलं. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. चाक बसणं आणि फिरणं यातला फरक विकणाऱ्याला माहीत असायलाच हवा, याचा राग अजून जात नाही.

तपासायचं असं: चाकांना खडू फासा, बोर्ड सतरंजीवर ठेवा आणि आधार धरून एका कडेवर सगळा भार द्या. मग बोर्ड उलटा करा. डेकखाली पांढरा पट्टा उठला असेल तर अर्धा इंची रायझर आणि दीड इंची बोल्ट घ्या. एक इंची जुने बोल्ट पुरणार नाहीत.

पण रायझरने बोर्ड उंच होतो. ढकलताना उभ्या पायाचा गुडघा दर वेळी तेवढा जास्त वाकतो, आणि तीन-साडेतीन किलोमीटरमध्ये मांडी भरून येते. म्हणून माझं मत, रोजच्यासाठी ३६ ते ३८ इंची ड्रॉप-थ्रू, म्हणजे डेकमधल्या भोकातून ट्रक बसवलेला लांब बोर्ड, घ्या. डेक खाली बसतो, चाकांजवळ कापलेला असतो, त्यामुळे घासायचा प्रश्नच उरत नाही. डबल ड्रॉप, म्हणजे मधला भाग आणखी खाली वाकवलेला, मात्र नको, आपल्याकडच्या बंपवर बोर्डचं पोट घासतं. फुटपाथवर ऑली (बोर्डसकट उडी) मारून चढायची सवय सोडवत नसेल तर शेपटीवाला ३२ इंची क्रूझर बघा, पण थकवा गृहीत धरा.

ट्रक १८० मिमीचे, उलट्या किंगपिनचे (किंगपिन म्हणजे ट्रकचा मधला बोल्ट). चाकं ७८ए ते ८०ए (‘ए’ हे कडकपणाचं माप, आकडा कमी तितकं मऊ), म्हणजे काळा घोड्याजवळची बारीक खडी सहज पार होते. बुशिंग (ट्रकमधले रबरासारखे गोल तुकडे) वजनाप्रमाणे, सत्तरेक किलोला ८७ए-९०ए ठीक वाटतात, तुमच्या पायाला वेगळं रुचू शकेल. बेअरिंग तेच ६०८, जुने चालतील. पावसात भिजले तर त्याच दिवशी काढून पुसा आणि शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडा.

आणि थांबण्याचं. ९९ए चाकावर आडवं घसरून थांबायची तुमची सवय असणार. ही मऊ चाकं तशी घसरत नाहीत, रस्ता धरून ठेवतात. म्हणून कमाटीबागेच्या बाजूला रविवारी पहाटे, आठवडा-दोन आठवडे, फक्त पाय घासून थांबायचा सराव करा, दोन्ही पायांनी, आणि मगच ऑफिसच्या वेळेला रस्त्यावर उतरा.