कार्ड ब्लेडचं, डेटा पतसंस्थेचा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर. मी सांगलीतल्या एका पतसंस्थेचे सर्व्हर बघतो. सेकंडहँड घेतलेलं सिस्को यूसीएसचं चेसिस (अनेक सर्व्हर बसवायचं खोकं) आहे, त्यात बी200 एम3 ब्लेड (खोक्यात सरकवायचे पातळ सर्व्हर), त्यातल्या दोन ब्लेडमध्ये फ्यूजन-आयओची 785 जीबीची मेझनिन कार्डं (ब्लेडच्या आत बसणारी फ्लॅश स्टोरेजची कार्डं) आहेत. डेटाबेस सॅनवर (सगळ्या सर्व्हरच्या सामायिक डिस्क स्टोरेजवर) आणि पुढे ही कार्डं एलव्हीएम कॅश (लिनक्समधली वेगवान तात्पुरती साठवण) म्हणून लावलीत, राइट-थ्रू मोडमध्ये. दिवसअखेर आणि व्याज आकारणी रात्री फार रखडते. मित्र म्हणतो राइट-बॅक कर, फरक दिसेल. करू का?

उत्तर: नका करू. मित्र म्हणतो तसा वेग कदाचित मिळेलही, पण ब्लेडवर राइट-बॅक करणं म्हणजे नेमकं काय ते आधी बघा. राइट-थ्रूमध्ये डेटा सॅनवर पोचल्याशिवाय डेटाबेसला 'झालं' असं उत्तर जात नाही. राइट-बॅकमध्ये कार्डावर लिहिलं की लगेच 'झालं', आणि सॅनवर ते मागाहून सावकाश जातं. म्हणजे तेवढा वेळ खातेदाराच्या भरण्याची एकुलती एक प्रत त्या एका ब्लेडच्या पोटातल्या कार्डावर असते.

आता यूसीएस आपण कशासाठी घेतो? ब्लेड मेलं तर सर्व्हिस प्रोफाइल, म्हणजे ब्लेडची ओळख आणि सेटिंग्ज, दुसऱ्या ब्लेडला लावायचं, यूयूआयडी, मॅक, डब्ल्यूडब्ल्यूएन असे ओळखक्रमांक, बूट ऑर्डर सगळं तिकडे जातं, सॅनवरून बूट होतं आणि काम परत चालू. पण प्रोफाइलबरोबर कार्ड जात नाही. मेझनिन कार्ड चालू ब्लेडमधून काढताही येत नाही, ब्लेड बंद करून बाहेर ओढून, झाकण उघडूनच ते निघतं. नव्या ब्लेडवर एलव्हीएमला कॅशची डिस्क सापडत नाही, व्हॉल्यूम उघडत नाही, आणि रात्री दोन वाजता वरून फोनवर फोन येत असताना कोणीतरी जबरदस्तीने तो उघडतं. मग काही ब्लॉक नवे काही जुने असा डेटाबेस हातात येतो आणि तो कुठे फाटलाय ते शोधायला आठवडे जातात. राइट-थ्रूमध्ये हेच घडलं तर कॅश तोडून टाकायची, सॅनवरचा मूळ व्हॉल्यूम पूर्ण असतो, काम चालू.

अजून एक गोष्ट फारसं कोणी लक्षात घेत नाही. तुमचे सॅनचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या प्रती) आणि डीआर साइटला (आपत्तीसाठीच्या दुसऱ्या जागेला) जाणारं रेप्लिकेशन दोन्ही सॅनच्या बाजूने होतं, त्यात कार्डावर अडकलेले ब्लॉक नसतातच. म्हणजे राइट-बॅक केलं की तुमचा बॅकअपसुद्धा गुपचूप अर्धवट होतो, आणि हे रिस्टोर करायची वेळ आल्यावर कळतं. लोकांचे पैसे आहेत हे, यात तडजोड नको.

मग वेग कुठून आणायचा? आधी आयओस्टॅट (डिस्कचं वाचणं-लिहिणं मोजणारी कमांड) लावून एक रात्र बघा की वेळ वाचण्यात जातोय की लिहिण्यात. लिहिण्यात जात असेल तर सॅनचा कंट्रोलर तपासा, जुन्या सॅनमध्ये कंट्रोलरच्या कॅशची बॅटरी संपलेली असते, मग तो स्वतःची राइट कॅश बंद करून टाकतो आणि सगळं हळू होतं, अलर्टचा ईमेल भलत्याच माणसाकडे जात असतो. व्याज आकारणीचा प्रोग्राम प्रत्येक खात्यामागे कमिट (डेटाबेसमध्ये बदल पक्का) करतोय का हेही व्हेंडरला विचारा, बरेच करतात, हजार-हजार खात्यांमागे एक कमिट केलं तरी रात्र बरीच लहान होते.

वाचण्यात वेळ जात असेल तर कॅशकडून फार अपेक्षा ठेवू नका, कारण लिनक्सची डीएम-कॅश (एलव्हीएम कॅश हिच्यावरच चालते) पुन्हा पुन्हा लागणारे ब्लॉकच वर उचलते, आणि व्याज आकारणी सगळी खाती एकदाच ओळीने वाचत जाते. त्यापेक्षा कार्डाचा काही भाग कॅशमधून काढून तिथे डेटाबेसची टेम्प टेबलस्पेस (तात्पुरत्या कामाची जागा) ठेवा. सॉर्टिंग, मोठे जॉइन तिथे होतात आणि ती जागा हरवली तरी कोणाचा एक रुपया जात नाही. दुसऱ्या ब्लेडवर ती परत बनवायची छोटी स्क्रिप्ट मात्र तयार ठेवा, आणि एकदा दिवसाउजेडी, सुटीच्या दिवशी, प्रोफाइल खरंच हलवून बघा.

प्रश्न: सर, आमच्याकडे व्हीएमवेअरचं व्हीस्फिअर 6.5 (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, ब्लेडमधल्या फ्लॅशवर फ्लॅश रीड कॅश चालू आहे. व्हीएम (आभासी सर्व्हर) दुसऱ्या होस्टवर गेलं की तासभर युजर ओरडतात. वाचक, नवी मुंबई

उत्तर: कॅश थंड, म्हणजे नव्या होस्टवर रिकामी, झालेली असते, बाकी काही नाही. व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) करताना कॅशमधला मजकूर बरोबर न्यायचा की टाकून द्यायचा असा पर्याय असतो, न्यायचा ठेवलात तर व्हीमोशनला वेळ लागेल पण युजर शांत राहतील. ही कॅश फक्त वाचण्यासाठी असल्याने डेटाला धोका नाही. पण त्यावर नवीन काही उभारू नका. व्हीएमवेअरने 2013 मध्ये 5.5 बरोबर ही सोय आणली आणि 7.0 मध्ये काढून टाकली. त्याच 7.0 मध्ये जुन्या पद्धतीच्या व्हीएमकेलिनक्स ड्रायव्हरचा आधारही गेला, म्हणून अपग्रेड ठरवण्याआधी तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर चालेल का ते कंपॅटिबिलिटी लिस्टमध्ये बघाच.

प्रश्न: नमस्कार, मी नाशिकला एका कारखान्यात सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. लिनक्सवर यमने (पॅकेज बसवायच्या कमांडने) अपडेट केलं, रीबूट केलं आणि फ्यूजन-आयओचं कार्ड गायबच झालं. त्यावर आमचा टेस्ट डेटाबेस आहे. डेटा गेला का?

उत्तर: ताई, डेटा बहुतेक तिथेच आहे, घाबरू नका आणि घाईत एफआयओ-फॉरमॅट (कार्ड पुसून नव्याने तयार करणारी कमांड) चालवू नका, त्याने मात्र खरंच जाईल. या कार्डाचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) नसतो, बाहेरून बसवावा लागतो आणि प्रत्येक कर्नलसाठी वेगळा बनवावा लागतो. नवा कर्नल आला, त्यासाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल बनलं नाही, कार्ड दिसेना. जुन्या कर्नलवर बूट करा, परत दिसेल. मग कार्डाची स्थिती दाखवणारी एफआयओ-स्टेटस कमांड चालवा. 'मिनिमल मोड' दिसलं तर बहुतेक वेळा ड्रायव्हर आणि फर्मवेअर एकमेकांशी जुळत नाहीत असा अर्थ. सर्व्हर मध्येच वीज जाऊन बंद पडला असेल तर कार्ड जोडलं जायला बरीच मिनिटं लागू शकतात, ते आपली सगळी नोंद परत वाचत असतं, अडकलंय समजून परत रीबूट करू नका.

याच कमांडमध्ये कार्डाचं किती आयुष्य उरलंय आणि तापमान किती आहे तेही दिसतं, महिन्यातून एकदा लिहून ठेवत जा. राखीव फ्लॅश संपत आली की कार्ड आधी लिहिण्याचा वेग कमी करतं आणि शेवटी फक्त वाचू देतं. रॅमवरही लक्ष ठेवा, कारण कुठला डेटा कुठे आहे याचा नकाशा हे कार्ड सर्व्हरच्याच रॅममध्ये ठेवतं, सेक्टर (साठवणीचा सर्वात लहान तुकडा) लहान असेल तर जास्त रॅम खातं, म्हणून नव्याने वापरायला घेताना 4 केबी सेक्टर बरा.

फ्यूजन-आयओ कंपनी 2014 मध्ये सॅनडिस्कने घेतली, सॅनडिस्कला 2016 मध्ये वेस्टर्न डिजिटलने घेतलं. नव्या कर्नलसाठी काही हौशी लोक हा ड्रायव्हर चालता ठेवतात, त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे, पण कारखान्याचा प्रॉडक्शन डेटा त्या भरवशावर ठेवू नका. पुढचं ब्लेड घ्याल तेव्हा समोरून निघणाऱ्या एनव्हीएमई (वेगवान फ्लॅश) ड्राइव्हची सोय असलेलं घ्या, त्याचा ड्रायव्हर 2012 पासून लिनक्समध्येच आहे. तोपर्यंत यमच्या सेटिंगमध्ये कर्नल वगळून ठेवा, आणि अपडेट करायचंच झालं तर आधी मॉड्यूल बनवा, मग रीबूट.