आधी ट धरायचं, मग परत क्ष कसं?

प्रश्न: मॅडम, मी अकरावी सायन्सला आहे. फ(क्ष + १) = क्ष² + ३क्ष + ५ दिलंय आणि फ(क्ष) काढायचंय. मी सरळ क्षच्या जागी क्ष + १ टाकलं तर क्ष² + ५क्ष + ९ आलं, पुस्तकात उत्तर क्ष² + क्ष + ३ आहे. क्लासचे सर म्हणाले क्ष + १ = ट धर आणि शेवटी टच्या जागी क्ष लिही. पण ट म्हणजे क्ष + १ असं आपणच ठरवलं ना, मग शेवटी ट म्हणजे क्ष कसं? मला तर ही चीटिंग वाटते.
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर: अगं, वाटणारच, कारण ती शेवटची ओळ वर्गात फार घाईत उरकतात, टच्या जागी क्ष, खाली डबल अंडरलाइन, चला पुढचं गणित. (तुझ्या एफ, एक्स, टीचं मी फ, क्ष, ट केलंय, आमच्या वेळची सवय.)

आधी तुझं काय चुकलं ते बघू. आमच्या हॉलमधलं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असतं, सगळ्यांनी वेळेत निघावं म्हणून, आणि ते पुढे आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे कोणीच वेळेत निघत नाही, ते सोड. त्यात ८:४० दिसले तर खरे वाजले ८:३०. घड्याळ दहा जास्त दाखवतं म्हणून आपण दहा वजा करतो, परत मिळवत नाही. कंसातलं क्ष + १ म्हणजे ते पुढे असलेलं घड्याळ आणि उजवीकडचा क्ष म्हणजे खरी वेळ. तू १ वजा करायचा तर अजून एक १ मिळवलास, त्यामुळे तुझं उत्तर आलं ते फ(क्ष + २) चं.

आता नीट करू. क्ष + १ = ट, म्हणून क्ष = ट − १. उजवीकडे जिथे जिथे क्ष दिसेल तिथे कंसासकट ट − १ टाक:

फ(ट) = (ट − १)² + ३(ट − १) + ५
= ट² − २ट + १ + ३ट − ३ + ५
= ट² + ट + ३

कंस खाल्लास तर ३(ट − १) चं ३ट − १ होतं आणि सगळं बोंबलतं, पेपर तपासताना हे कायम दिसतं.

इथे जरा थांब. या ओळीत जुना क्ष कुठे उरलाच नाहीये. ओळ एवढंच सांगते की फला जे द्याल त्याचा तो वर्ग करतो, त्यात तेच मिळवतो आणि वर ३. ७ दे, ५९ येतील. ट दे, ट² + ट + ३. मग क्ष दिला तर? क्ष² + क्ष + ३, दुसरं काय येणार! हा क्ष नवीन, पहिल्या ओळीतल्या क्षशी त्याचं काही देणंघेणं नाही, आडनाव एक असलं म्हणजे नातं असतंच असं थोडंच आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या बीजगणितात तर अज्ञात संख्यांना रंगांची नावं आहेत, कालक, नीलक, पीतक. तू फ(नीलक) = नीलक² + नीलक + ३ लिहिलंस तरी नियम तोच, हात दुखेल एवढंच.

तरी पटत नसेल तर दिलेल्या ओळीत क्ष = २ टाक, फ(३) = ४ + ६ + ५ = १५. पुस्तकातल्या उत्तरात ३ टाक, ९ + ३ + ३ = १५. तुझ्या उत्तरात ३ टाकले की येतात ३३. परीक्षेत हा ताळा अर्ध्या मिनिटात होतो, करत जा.

खरी गोची वर्गमूळ आलं की होते. फ(√क्ष + १) = क्ष + २√क्ष घे. √क्ष + १ = ट, म्हणून क्ष = (ट − १)², सोडवलं की ट² − १, छान दिसतं. पण √क्ष ऋण नसतं, म्हणजे ट १ पेक्षा लहान कधी नव्हताच, म्हणून फ(क्ष) = क्ष² − १ च्या पुढे क्ष ≥ १ लिहायलाच लागतं. फ(०) विचारलं तर −१ ठोकून देऊ नकोस, दिलेल्या माहितीवरून ते काढताच येत नाही.

आणि फ(क्ष + १/क्ष) = क्ष² + १/क्ष² असलं काही समोर आलं तर ट धरून क्ष काढत बसू नकोस, वर्गसमीकरणात अडकशील, उजवी बाजूच (क्ष + १/क्ष)² − २ अशी लिहून टाक, ट² − २ आपोआप दिसतं.